परांचीवरचा पहिला चहा

बाग सेवनियातल्या 'शुभंकर परिसर' या तीन मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या जिन्याकडच्या खिडकीवर जो छज्जा आहे, त्याच्या सांध्यात पिंपळाचं एक रोप उगवलं. रोपाची उंची नऊ इंच होती, पानं सात होती आणि त्याने कोणाचीही परवानगी घेतलेली नव्हती. ही बाब जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सोसायटीचे सचिव श्री. अनंत खानझोडे यांच्या निदर्शनास आली. म्हणजे त्यांच्या पत्नीने, प्रमिलाबाईंनी, त्यांचा हात धरून त्यांना ती दाखवली. खिडकी त्यांच्याच घराची होती. छज्ज्याच्या बरोबर खाली इमारतीत शिरायचा एकमेव दरवाजा होता.

खानझोडे एका सरकारी खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील नागपुरातून कचेरीच्या फायलींबरोबर भोपाळला आले. फायली इथेच राहिल्या म्हणून तेही राहिले. पुढे मुलाने एकतीस वर्षं त्याच वंशातल्या फायलींवर 'पाहिले, मान्य' असा शेरा मारला. अक्षर मोत्यासारखं. फाइल न उघडता शेरा मारण्यात साऱ्या खात्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"मी आकडीनं ओढून टाकते ते," प्रमिलाबाई म्हणाल्या. फुलं तोडायची त्यांची लांब आकडी दाराआडच असे. "मारुतीच्या देवळामागं नेऊन लावीन. आता वीतभर आहे, पटकन निघेल."

"ठेव ती खाली," खानझोडे म्हणाले. "उंचीवरचं काम आहे, विनापरवाना. आणि त्यातून पिंपळ!"

पिंपळ म्हटलं की इमारतीतले सगळे हात मागे घेत. पिंपळ उपटणं हे पाप, हे सर्वांना ठाऊक होतं. पिंपळ भिंत फोडतो, हेही सर्वांना ठाऊक होतं. पण भिंत सामाईक होती आणि पाप ज्याचं त्याचं, त्यामुळे रोपाच्या प्रकृतीला काही धोका नव्हता. तळमजल्यावरच्या नलिनीताई तर जाता-येता खालूनच त्याला नमस्कार करू लागल्या.

तरी छज्ज्याला भेग पडली होती, हे नाकारण्याची सोय नव्हती. म्हणून सोनागिरीहून हल्के मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री साठीचे, अंगाने काडीसारखे. त्यांनी वर पाहिलं, एक डोळा मिटला आणि बिडी पेटवली.

"चार बल्ली, छह फंटे, सुतली मेरे पास है. सुबह पाड़ बाँधूँगा, शाम तक छज्जा नया. पीपल को मैं मंदिर में लगा दूँगा, पाप मेरे खाते."

"और अगर पाड़ गिर गई तो?"

"तो मैं गिरूँगा न, बाबूजी." मिस्त्रींनी आपली रीत सांगितली. पाड़, म्हणजे परांची, बांधून झाली की तिच्यावर आधी ते स्वतः चढत. सगळ्यात वरच्या फळीच्या टोकावर पाय सोडून बसत आणि दोरीच्या बादलीतून चहा वर मागवत. गिलास रिकामा होईपर्यंत मजुरांपैकी कोणी खालच्या बल्लीला, म्हणजे उभ्या बांबूलाही हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत त्यांचा एकही चहा सांडला नव्हता.

"ड्रॉइंग आहे का तुमच्याकडे?" खानझोड्यांनी विचारलं. "भार किती पेलेल, त्याचं गणित?"

मिस्त्रींनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. हे उत्तर रेकॉर्डला लावता येण्यासारखं नव्हतं. मिस्त्री परत गेले.

त्यानंतर सोसायटीच्या सभेला वरुण पागनीस आला. नलिनीताईंचा हा भाचा मूळचा ग्वाल्हेरचा. कोलार रोडवर एका पोहे-जिलबीच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याची कंपनी होती. कंपनी परांच्यांचं डिझाइन करी, पण 'परांची' हा शब्द तिथे फक्त ॲपच्या नावात शिल्लक होता. ॲपचं नाव 'परांचीमित्र'.

"काका, बांबू-सुतली म्हणजे बिलकुल पुराना जमाना," वरुण म्हणाला. "आता परांची बांधत नाहीत, जनरेट होते. आपण फक्त समस्या टाकायची, बाकी सगळं सिस्टम करवून घेते. आणि काका, मेन गोष्ट म्हणजे, पिंपळाचं जे काही असेल, ते पण सिस्टम बघेल."

पाप उचलायला यंत्र मिळतं आहे, हे कळताच सभेत चैतन्य आलं. चोवीस घरांनी त्याच बैठकीत ॲप उतरवून घेतलं. पहिल्याच पडद्यावर अठ्ठेचाळीस पानी करार होता आणि त्याखाली एक हिरवं बटण: 'मी वाचले, मला मान्य आहे'. खानझोड्यांना भरून आलं. एकतीस वर्षं जे वाक्य ते हाताने लिहीत आले, ते आता छापील मिळत होतं. सर्वात आधी त्यांनीच अंगठा टेकवला.

पुढच्या आठवड्यात ड्रोन आला. त्याने इमारतीला सात प्रदक्षिणा घातल्या, नलिनीताईंची वाळत घातलेली साडी खाली पाडली आणि इमारतीच्या प्रत्येक इंचाची नोंद घेतली. त्या नोंदींवरून संगणकात इमारतीची हुबेहूब प्रत तयार झाली. वरुण तिला 'डिजिटल ट्विन' म्हणे. खानझोडे कार्यवृत्तात 'जुळी बहीण' असं लिहीत. मग संगणकाने एका मिनिटात परांचीचे चौदा पर्याय काढले आणि त्यातला सर्वोत्तम निवडलाही. इमारतीच्या चारही बाजूंनी चकचकीत पोलादी नळ्या, जिना, कठडे, वारा मोजणारं यंत्र. फक्त खानझोड्यांच्या छज्ज्याभोवती सहा फूट मोकळी जागा होती.

"इथे परांची का नाही?" खानझोड्यांनी विचारलं.

"सिस्टमनं ते रोप ओळखलं न, काका! संरक्षित वृक्ष म्हणून. झाडाला टच करायचं नाही, असा रूल आहे. आणि शिवाय तिथे भेग आहे, म्हणजे अनसेफ एरिया. तिथे परांची टेकवणारच कशी?"

"पण काम तर तिथंच आहे."

"तीच तर सेफ्टी आहे, काका," वरुण कौतुकाने म्हणाला. "जिथे धोका आहे, तिथे आपली परांची जातच नाही."

या युक्तिवादात खोट काढणं खानझोड्यांना जमेना. असंच एक परिपत्रक त्यांच्या खात्यातही होतं.

मग विसंगतींची यादी आली. यादीत त्रेसष्ट बाबी होत्या. कूलर, डिश, कपड्यांच्या दोऱ्या, नलिनीताईंचं तुळशीवृंदावन हे सारं परांचीच्या मार्गात येत होतं. परांची डिझाइन झालेली होती, त्यामुळे ती हलवता येत नव्हती. तुळस हलवता येत होती. एका बाबीत मात्र अडचण निघाली. पूर्वेची भिंत चार इंच बाहेर झुकलेली होती.

"ती आम्ही मॉडेलमध्ये सरळ करून टाकली," वरुण म्हणाला. "आता तुम्ही फक्त साइटवर मॅच करवून घ्या."

ठराव आला, हिरवं बटण आलं, चोवीस अंगठे टेकले. भिंत सरळ असल्याचं सर्वानुमते मान्य झालं.

दसऱ्याच्या सुमारास पिंपळ दीड फूट झाला. खानझोड्यांच्या खोलीत भिंतीला ओल आली आणि प्रमिलाबाईंनी पलंग ओढून मध्यभागी घेतला. दूध आणायला खाली जाताना त्या दारातून धावत बाहेर पडत आणि धावतच आत येत. बासष्टाव्या वर्षी रोज धावणारी बाई पाहून नलिनीताईंना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "खालून लेकरं जातात, माणसं जातात. मिस्त्रीला बोलवा न एकदा."

"आता प्रथमारोहण आहे," खानझोडे म्हणाले. "प्रक्रिया मध्येच सोडता येत नाही."

हल्के मिस्त्रींची रीत खानझोड्यांनीच वरुणच्या कानावर घातली होती आणि त्याला ती फार आवडली होती. प्रत्येक परांचीवर जबाबदार व्यक्तीने पहिल्यांदा चढायचं, ही 'प्रथमारोहणा'ची सोय त्याने ॲपमध्ये करून टाकली. एका रविवारी सकाळी नलिनीताईंच्या हॉलमध्ये पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली आणि त्यावर खानझोड्यांना उभं करून त्यांच्या डोळ्यांना काळा डबा बांधला. डब्यात परांची दिसत होती. खानझोडे पाटावरच पाय उचलत एक-एक मजला चढले. वर पोचल्यावर त्यांना मोठा तलाव दिसला, तलावावरचे ढग दिसले. कोणीतरी हातात चहाचा कप दिला. तो त्यांनी उंचावर, वाऱ्यात, एक थेंबही न सांडता संपवला. टाळ्या झाल्या. डबा काढला तेव्हा ते जमिनीपासून अडीच इंचांवर होते आणि त्यांचे डोळे पाणावले होते. आयुष्यात आपण इतक्या वर कधी गेलो नव्हतो, असं ते प्रमिलाबाईंना म्हणाले.

प्रमाणपत्र लगेच फोनवर आलं. त्याबरोबर ॲपमधला तक्ताही बदलला: 'परांची उभारणी: शंभर टक्के पूर्ण'.

"पण नळ्या?" खानझोड्यांनी भीत भीत विचारलं. "नळ्या अजून आल्या नाहीत."

"काका, नळ्या म्हणजे लास्ट स्टेप. पंचाण्णव टक्के परांची डिझाइनमध्येच असते."

"मग उरलेले पाच?"

"ते राउंड ऑफमध्ये गेले."

शिवाय परांची दिसत नव्हती, असं म्हणायलाही जागा नव्हती. फोनचा कॅमेरा इमारतीवर धरला की ती दिसे. सोनेरी, घोटीव, तिच्यावर हेल्मेट घातलेले हसरे मजूर. फोन खाली केला की नुसती भिंत आणि पिंपळ. हळूहळू लोकांनी फोन खाली करणं सोडून दिलं. आसपासच्या कॉलन्यांतून माणसं ती बघायला येऊ लागली. इमारतीसमोर उभी राहून, फोन डोळ्यांसमोर धरून, "वा, काय मजबूत आहे!" म्हणून परत जात. डिसेंबरात एका हॉटेलात सोहळा झाला आणि शुभंकर परिसराला वर्षातल्या सर्वात सुरक्षित परांचीचा पुरस्कार मिळाला. आठ महिन्यांत तिच्यावरून एकही माणूस पडला नाही, असं मानपत्रात होतं. ही माहिती अचूक होती. महिने मात्र पाचच झाले होते. पुरस्काराचा भला मोठा फलक तयार झाला आणि तो जिथे सर्वांना दिसेल अशा जागी लावला, म्हणजे छज्ज्याखाली, दरवाजावर.

जानेवारीत ॲपने कळवलं की रोप काढण्यात आलं असून छज्ज्याची दुरुस्ती समाधानकारक झाली आहे. खानझोड्यांनी फोन वर धरला. खरोखरच रोप नव्हतं. छज्जा नव्या नवरीसारखा दिसत होता. त्यांनी अंगठा टेकवला. मग सवयीने पाच ताऱ्यांवरही टेकवला.

त्याच दुपारी प्रमिलाबाईंच्या वरणात खिडकीतून पिंपळाचं पान पडलं.

"हे काय आहे?" त्यांनी पान नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

खानझोड्यांनी पान पाहिलं, फोन पाहिला आणि रीतसर तक्रार नोंदवली. उत्तर चटकन आलं: 'आपण पाठवलेल्या छायाचित्रातील रोप आमच्या नोंदीशी जुळत नाही. कृपया आपली खिडकी तपासून घ्यावी.'

"रेकॉर्डला ते नाही," खानझोडे म्हणाले. हे म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली आला, कारण पान ताटाशेजारीच होतं.

"तुमच्या रेकॉर्डच्या खालून मी रोज दोनदा जाते," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मार्चमधल्या एका सकाळी त्या दूध आणायला निघाल्या. पिशवी विसरल्याचं इमारतीच्या दारातच लक्षात आलं, म्हणून त्या दोन पायऱ्या मागे वळल्या. त्या दोन पायऱ्यांचाच फरक. वरून निम्मा छज्जा सुटला, सर्वात सुरक्षित परांचीचा फलक मधोमध फाडून गेला आणि त्या जिथे असायला हव्या होत्या तिथे फुटला.

खानझोडे अनवाणी खाली आले. पायरीवर बसलेल्या बायकोच्या केसांत चुना होता आणि ओठ पांढरे पडले होते. ते मनापासून घाबरले. जन्मात पहिल्यांदा त्यांना असा प्रसंग आला की ज्याच्यावर काही शेरा मारता येत नव्हता. त्यांनी तिच्या केसांतला चुना बोटांनी काढला. खिशातल्या फोनवर तक्ता हिरवाच होता: 'छज्जा: सुस्थितीत'.

ते रिक्षा करून थेट सोनागिरीला गेले.

हल्के मिस्त्रींनी मागचं काही काढलं नाही. अकरापर्यंत चार बल्ल्या रोवल्या, सहा फळ्या आडव्या टाकल्या, गाठी आवळल्या. मग ते वर चढले, टोकाच्या फळीवर पाय सोडून बसले आणि त्यांनी बादली खाली सोडली. प्रमिलाबाईंनी आलं घालून केलेला चहा स्वतः बादलीत ठेवला. सगळी इमारत खाली जमली होती. मिस्त्रींनी गिलास पालथा करून दाखवला.

"आ जाओ, बाबूजी! जड़ कहाँ तक गई है, खुद देख लो."

खानझोडे चढले. बल्ली हाताला खरखरीत लागत होती, फळी किंचित हलत होती आणि तलाव कुठेच दिसत नव्हता. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. पण भेग नाकासमोर होती. पिंपळाचं खोड मनगटाएवढं झालं होतं आणि मूळ भिंतीत कोपरभर शिरलं होतं. "दो घंटे में निकल जाएगा," मिस्त्री म्हणाले आणि छिन्नी आणायला खाली उतरले.

वरुणच्या कंपनीने इमारतीवर बसवलेल्या कॅमेऱ्याला एवढ्यात बांबू दिसले. ॲपने आपलं कर्तव्य केलं. चोवीस फोन एकाच वेळी वाजले. संदेश असा होता: 'आपल्या परिसरात एक अनधिकृत व असुरक्षित परांची आढळली आहे. ती तत्काळ उतरवण्यास आपली संमती आहे काय?' खाली हिरवं बटण.

खाली उभ्या असलेल्या लोकांनी फोन पाहिले. संदेश लांब होता, ऊन डोळ्यांवर येत होतं. तेवीस अंगठे टेकले. नलिनीताईंनी तर टेकवता टेकवता वर पाहून खानझोड्यांना हातही केला.

चोविसावा फोन परांचीवर वाजला. खानझोड्यांनी एका हाताने बल्ली धरली, दुसऱ्याने फोन काढला आणि अंगठा टेकवला, मग सवयीने पाच ताऱ्यांवरही.

नळ्या बांधणारं पथक आठ महिन्यांत आलं नव्हतं. उतरवणारं पथक वीस मिनिटांत आलं. केशरी जाकिटं घातलेले चार जण गाडीतून उतरले आणि त्यांनी सरळ सुतळ्या सोडायला सुरुवात केली. मिस्त्री त्यांच्या अंगावर धावून गेले. दोघांनी त्यांना नम्रपणे धरून ठेवलं.

"अरे, मैं ऊपर हूँ!" खानझोडे ओरडले.

"सर, ॲप में ऊपर कोई नहीं दिखा रहा," त्यांचा मुकादम फोन बघत म्हणाला. "परमिशन पूरी है. चौबीस में से चौबीस."

"मैं सचिव हूँ यहाँ का! मेरी परमिशन नहीं है!"

मुकादमाने यादी वर सरकवली. "खानझोडे, अनंत? ग्यारह बजकर बावन मिनट. आपने तो सर, पाँच स्टार भी दिए हैं."

एक बल्ली सरकली. पायाखालची फळी तिरकी झाली आणि खानझोड्यांनी हाताला जे आलं ते गच्च धरलं. तो पिंपळ होता. आठ महिने ज्याला काढायचं चाललं होतं, त्याने त्यांना धरून ठेवलं. मागोमाग खिडकीतून फुलं तोडायची आकडी बाहेर आली, तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर पकडली, पाठोपाठ प्रमिलाबाईंचे दोन्ही हात आले, आणि सोसायटीचे सचिव स्वतःच्या घरात डोक्याकडून शिरले.

"वाचत का नाही हो तुम्ही?" प्रमिलाबाई धापा टाकत म्हणाल्या. त्या रडत होत्या. "एवढं तरी वाचायचं होतं."

खाली लोक फोन वर धरून उभे होते. फोनमध्ये सोनेरी परांची जागच्या जागी होती आणि तिच्यावरचे मजूर हसत होते.

तुम्हीही हसत असाल. हरकत नाही. पण आज सकाळपासून तुमचा अंगठा किती ठिकाणी टेकला, आणि तिथे काय लिहिलं होतं, एवढं जरा आठवून पाहा. शुभंकर परिसराच्या त्या यादीत चोवीस नावं आहेत, आणि पंचविसाव्यासाठी खाली जागा सोडलेली आहे.